सोरायसिस: इम्युनिटी वाढवायची की आवरायची?

डिसेंबरात इंदूरची हवा कोरडी पडली की सोरायसिसवाल्यांचे दिवस कठीण होतात. कोपर-गुडघ्यांवरचे चट्टे जाड होतात, डोक्यात नुसता कोंडा न राहता थर बसतो, आणि गडद रंगाचा स्वेटर घालायची सोय राहत नाही कारण खांद्यावर लगेच पांढरा भुगा दिसतो. मग माणूस स्किनच्या डॉक्टरकडे जातो, एमवाय या सरकारी हॉस्पिटलची ओपीडी असो की पलासियातलं एखादं क्लिनिक, आणि डॉक्टर पाच मिनिटांत जे काही सांगतात त्यातलं एकच वाक्य घरापर्यंत पोचतं: "हा इम्युनिटीचा आजार आहे."

घोटाळा इथेच होतो. कोविडनंतर इम्युनिटी जितकी जास्त तितकी चांगली हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, त्यामुळे इम्युनिटीचा आजार म्हणजे इम्युनिटी कमी पडली असणार असं सगळं घर धरून चालतं, आणि दुसऱ्या दिवसापासून गुळवेलीचा काढा, च्यवनप्राश, हळदीचं दूध, शेजारच्या काकूंनी सांगितलेल्या ताकद की गोळ्या, सगळं सुरू. माझ्या आत्याकडे अगदी हेच झालं. मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणं माझं काम नाही. पण आत शरीरात काय चाललेलं असतं ते समजावून सांगणं माझंच काम आहे, आणि ते एकदा कळलं की निम्मे उलटसुलट उपाय माणूस आपणहून सोडतो. थोडक्यात म्हणायचं तर सोरायसिसमध्ये इम्युनिटी भरपूर असते, फक्त जिथे काही काम उरलेलं नाही तिथे ती कामाला लागलेली असते आणि थांबत नाही.

आधी साधी, निरोगी त्वचा

त्वचेच्या वरच्या थरात बहुतेक एकाच जातीच्या पेशी असतात, नाव केरॅटिनोसाइट, आपण त्यांना सरळ त्वचेच्या पेशी म्हणू. त्या तळाशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत चपट्या होतात, आतलं केंद्रक टाकून देतात आणि शेवटी मृत पापुद्रा होऊन गळून जातात. या सगळ्याला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तेच सगळं चार-पाच दिवसांत उरकतं. एवढ्या घाईत पेशी पिकतच नाहीत, केंद्रक आतच राहतं, पेशी एकमेकींपासून नीट सुटत नाहीत, म्हणून ती चंदेरी खपली थरावर थर साचत जाते. खाली रक्तवाहिन्या फुगून पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेल्या असतात. खपली नखाने उचकटली तर खाली गुळगुळीत, ओलसर लाल जागा दिसते आणि बघता बघता तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब एकेक करून उमटतात. डॉक्टर या खुणेला ऑस्पिट्झ साइन म्हणतात (घरी करून बघू नका, का ते पुढे येईल). आपल्या सावळ्या कातडीवर चट्टा फोटोतल्यासारखा लालभडक दिसत नाही, जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो, त्यामुळे कित्येक जण महिनोन्महिने गजकर्णाचं मलम चोळत बसतात.

बरीच वर्षं डॉक्टरांनाही वाटायचं की मूळ दोष या त्वचेच्या पेशींचाच, त्या भराभर वाढतात बस. मग १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिन नावाचं औषध, जे कुणाची किडनी वगैरे बसवल्यावर शरीराने ती नाकारू नये म्हणून देतात, ते सांध्यांच्या आजारासाठी काही रुग्णांना देऊन बघितलं तर त्यांच्या अंगावरचे सोरायसिसचे चट्टे साफ व्हायला लागले. हे औषध टी पेशी नावाच्या इम्युनिटीच्या पेशींना आवरतं. म्हणजे वाढतायत त्वचेच्या पेशी, पण त्यांना वाढायला लावणारं कुणी वेगळंच आहे, हे तेव्हापासून हळूहळू स्पष्ट होत गेलं.

त्वचेत इम्युनिटीच्या पेशी मुळात असतात का?

असतात, आणि फार मोठ्या संख्येने. आपल्याला वाटतं की पांढऱ्या पेशी रक्तात फिरतात आणि गरज पडली की बाहेर येतात. पण निरोगी माणसाच्या त्वचेत मिळून सुमारे २,००० कोटी टी पेशी असतात असा अंदाज आहे, रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट.

इथे तीन पेशी आणि एक शब्द कळला की पुढचं सगळं सोपं जातं. डेंड्रिटिक पेशी आजूबाजूचे नमुने गोळा करतात आणि हे ओळखीचं की धोक्याचं ते टी पेशींना दाखवतात. टी पेशी ठरावीक खुणेवर शिकून तयार झालेल्या असतात, ती खूण दिसली की कामाला लागतात. न्यूट्रोफिल म्हणजे रक्तातून सगळ्यात आधी धावत येणारी, जंतू गिळणारी पेशी. आणि सायटोकाइन म्हणजे या पेशी एकमेकींना पाठवतात ते रासायनिक निरोप. सायटोकाइनची डझनावारी नावं आहेत, आपल्याला तीनच लागतील: टीएनएफ, आयएल-२३ आणि आयएल-१७.

आयएल-१७ सोडणाऱ्या टी पेशी काही वाईट नाहीत हं. तोंडात, कातडीवर बुरशी माजू न देणं हे त्यांचं रोजचं काम, आणि ते अतिशय गरजेचं आहे.

मग बिघडतं कुठे?

हे इंदूरकरांना कचऱ्याच्या गाडीवरून पटकन कळेल. समजा एका गल्लीतून तक्रार गेली की कचरा पडलाय. गाडी आली, माणसं आली, उचललं, निघून गेली. कुठे खरचटलं, चार दिवस लाल राहिलं आणि बरं झालं, ते हे असं. आता समजा त्या टीमने साफसफाई करताना गल्लीच्या फरशाच उखडल्या, त्या फरशांचा मलबा पडला, तो बघून नवी तक्रार गेली, आणखी मोठी टीम आली, तिने आणखी फरशा उखडल्या. मूळ कचरा केव्हाच संपलाय, पण तक्रारीमुळे टीम येते आणि टीममुळे तक्रार जाते, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं.

शरीरात ही पहिली तक्रार कशी जाते त्याचा एक धागा २००७ मध्ये सापडला. त्वचेला इजा झाली की तिच्या पेशी एलएल-३७ नावाचं जंतुनाशक प्रथिन सोडतात, चांगलीच गोष्ट आहे ती. मेलेल्या पेशींचा डीएनए एरवी तिथेच विरघळून जातो, आपलाच डीएनए म्हणून त्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण एलएल-३७ त्याला चिकटलं की तो टिकतो आणि एका जातीच्या डेंड्रिटिक पेशीच्या आत शिरतो, आणि तिला तो व्हायरसच्या डीएनएसारखा वाटतो. ती धोक्याचा निरोप सोडते, त्यावर दुसऱ्या डेंड्रिटिक पेशी जाग्या होऊन टीएनएफ आणि आयएल-२३ सोडतात. आयएल-२३ मिळालं की टी पेशी वाढतात, टिकतात आणि आयएल-१७ सोडत राहतात. आयएल-१७ त्वचेच्या पेशींना लागलं की त्या भराभर वाढतात, न्यूट्रोफिलना बोलावणारे निरोप पाठवतात, आणि पुन्हा एलएल-३७ बनवतात. झालं, चक्र पूर्ण. सूक्ष्मदर्शकाखाली चट्ट्याचा तुकडा बघितला तर खपलीत न्यूट्रोफिलचे बारीक बारीक पुंजके दिसतात, आणि जंतू मात्र एकही नसतो!

हे सगळ्यांनाच का होत नाही, तर त्यात अनुवंशाचा वाटा आहे. एचएलए-सी ०६:०२ नावाची एक जनुकीय आवृत्ती, जी डेंड्रिटिक पेशी नमुने कसे दाखवतात त्याच्याशी संबंधित आहे, ती असलेल्यांना धोका जास्त. पण ती असूनही बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, वरून काहीतरी धक्का लागतो. लहान मुलांत घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकॉकस जंतू हा नेहमीचा धक्का, टॉन्सिल सुजल्यावर दोन-तीन आठवड्यांत अंगभर थेंबाएवढे ठिपके येतात. बीपीची काही औषधं, लिथियम, मलेरियाची क्लोरोक्वीनसारखी औषधं, सिगरेट, दारू, मनावरचा मोठा ताण, हेही त्यातच.

साफ झालेला चट्टा त्याच जागी परत का येतो?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर, कारण याच प्रश्नावरून घरात पेशंटला बोलणी बसतात. "तू पथ्य पाळलं नाहीस." "तू वांगं खाल्लंस." आत्याला हे इतक्या वेळा ऐकावं लागलं की ती लग्नकार्यात ताटात काय घेतेय याच्याकडेही लोकांचं लक्ष असायचं.

खरी गोष्ट अशी आहे. टी पेशींपैकी काही काम संपल्यावर परत जातच नाहीत, त्या त्वचेच्या त्याच भागात मुक्काम ठोकतात. त्यांना निवासी स्मृतिपेशी म्हणू. मूळ हेतू चांगला, एखादा व्हायरस त्याच जागी पुन्हा आला तर तिथल्या तिथे आवरता यावा. पण सोरायसिसमध्ये ज्या पेशी थांबतात त्यांची आठवणच चुकीची असते. चट्टा साफ झाला, त्वचा हाताला मऊ लागते, रंगही जवळपास सारखा झाला, तरी आत त्या बसलेल्या असतात आणि आयएल-१७ सोडायची त्यांची तयारी तशीच असते. म्हणून औषध थांबवल्यावर चट्टा जणू नकाशा आखून ठेवल्यासारखा त्याच कोपरावर, त्याच आकारात उगवतो. यात वांग्याचा काही संबंध नाही.

याचा पुरावा म्हणून २००४ मधला एक प्रयोग मी मुलांना नेहमी सांगते. सोरायसिस असलेल्या लोकांच्या अंगावरची चट्टा नसलेली, नॉर्मल दिसणारी त्वचा घेऊन ती अशा उंदरांवर बसवली ज्यांची स्वतःची इम्युनिटी फार कमकुवत केलेली होती. वरून रक्त नाही, पेशी नाहीत, काही दिलं नाही. तरी काही आठवड्यांत त्या तुकड्यावर पूर्ण सोरायसिस उभा राहिला, आणि त्वचेतल्या टी पेशींना अडवलं तेव्हा तो आला नाही. म्हणजे लागणारं सगळं सामान त्या नॉर्मल दिसणाऱ्या त्वचेतच होतं.

खपली उचकटू नका म्हटलं ते यासाठीच. सोरायसिसवाल्याच्या चांगल्या त्वचेला इजा झाली की साधारण दहा ते वीस दिवसांनी तिथे नवा चट्टा येऊ शकतो, याला कोबनर परिणाम म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन डॉक्टरच्या नावावरून. रोजच्या आयुष्यात ही इजा फार साधी असते, आपल्या बायकांच्या कमरेवर परकराची नाडी घट्ट बसते तिथे, घड्याळाच्या पट्ट्याखाली, चष्म्याची काडी कानामागे घासते तिथे. आणि आपल्या इंदुरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक! राजवाड्यावरून रंगून घरी आल्यावर दगडाने आणि कपड्याच्या साबणाने अंग खसाखसा घासणं सोरायसिसवाल्याने अजिबात करू नये. जाण्याआधी भरपूर खोबरेल लावा, नंतर कोमट पाण्याने हळू धुवा, रंग चार दिवस राहिला तर राहू दे.

"पण इम्युनिटी वाढवली तर नुकसान काय?"

पहिलं म्हणजे काय वाढणार ते कुणालाच ठरवता येत नाही. इम्युनिटी हा काही एक आकडा नाही, टीएनएफ वाढलं, आयएल-१७ वाढलं तरी ती इम्युनिटी वाढलीच की. उलट बाजूनेही बघा, एचआयव्हीत टी पेशी कमी होत जातात, म्हणजे इम्युनिटी खरोखर घटते, तरी काही रुग्णांमध्ये सोरायसिस उसळतो. प्रश्न कमी-जास्तीचा नाही, कुठली शाखा कुठे काम करतेय याचा आहे.

दुसरं, गुळवेल नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवीच असं नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली, आणि ती इजा स्वतःच्याच इम्युनिटीने यकृतावर हल्ला करावा तशा प्रकारची होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण सोरायसिसवाल्याला मेथोट्रेक्सेट हे इम्युनिटी आवरणारं औषध चालू असेल तर त्याच्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं, मग वरून हे कशाला? निदान डॉक्टरांना सांगून तरी घ्या. आणि ते "रक्तशुद्धी" म्हणतात ना, तर सोरायसिसमध्ये रक्तात घाण वगैरे काही साचलेली नसते.

"औषधाने इम्युनिटी दाबली तर दुसरे आजार होतील ना?"

ही शंका रास्त आहे. मेथोट्रेक्सेट जुनं, स्वस्त आणि बऱ्याच जणांना लागू पडणारं औषध आहे, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत, म्हणून घरात वार ठरवा, कॅलेंडरवर लिहा, बरोबर फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील तसं. गरोदरपणात ते चालत नाही, दारूबरोबर चालत नाही, रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

नवी इंजेक्शनं, ज्यांना बायोलॉजिक म्हणतात, ती अख्खी इम्युनिटी दाबत नाहीत, एकेक निरोप अडवतात. टीएनएफ अडवणारी आधी आली, मग आयएल-२३ वाली, आणि २०१५ मध्ये अमेरिकेत आयएल-१७ अडवणाऱ्या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली. भारतातही २०१३ मध्ये बेंगळुरूच्या बायोकॉनने टी पेशींवर काम करणारं इटोलिझुमॅब आणलं. कुठला निरोप अडवलाय त्यावरून साइड इफेक्ट काय होईल याचा अंदाज येतो, आणि मला तर हे फारच विलक्षण वाटतं: आयएल-१७ बुरशीला रोखतं, म्हणून ते अडवलं की तोंडात बुरशी येऊ शकते. टीएनएफ फुप्फुसात दबून असलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवायला मदत करतं, म्हणून ते अडवलं की टीबी उसळू शकतो, आणि आपल्या देशात असे दबलेले जंतू फार लोकांत असतात. त्यासाठीच इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी सांगतात, ती उगाच खर्चात पाडायला सांगतात असं समजू नका. महाग मात्र आहेत ही इंजेक्शनं, सगळ्यांना परवडत नाहीत आणि सगळ्यांना लागतही नाहीत. चट्टे थोडेच असतील तर मलमांवर भागतं, आणि ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाची फोटोथेरपी त्वचेतल्याच टी पेशी कमी करते. उन्हाळ्यात पुष्कळांचं अंग आपसूक बरं असतं त्यात उन्हाचा हाच हात आहे.

"एका पुडीने महिन्यात साफ झालं होतं"

मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. कुणीतरी पत्ता देतं, बिनलेबलच्या पुड्या मिळतात, किंवा कुणी दोन इंजेक्शनं ठोकतं, आणि महिन्यात अंग काचेसारखं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पोटातून स्टेरॉइड घेतलं की सगळ्या पेशी एकदम गप्प होतात, म्हणून फरक इतका झटपट पडतो. पण पुडी संपली की निवासी पेशी तिथेच असतात आणि चक्र पहिल्यापेक्षा जोरात उलटतं. कधी अंगभर पिवळे पूभरले फोड येतात, कधी सगळी कातडी लाल होऊन सोलवटते, थंडी वाजून ताप येतो, शरीरातलं पाणी निघून जातं. त्या अवस्थेत घरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. ज्या पुडीवर आत काय आहे हे लिहिलेलं नाही ती घेऊ नका, प्लीज.

स्टेरॉइडचं मलम हा वेगळा विषय, ते सोरायसिसमध्ये योग्य औषध आहे, डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस आणि तेवढ्याच जागी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चिठ्ठीशिवाय अशी मलमं विकण्यावर निर्बंध कडक केले, तरी काउंटरवर मागितली की मिळतात, आणि कातडी पातळ होऊन बसते.

इसब आणि सोरायसिस एकच का?

नाही. लहानपणापासून कोपराच्या आतल्या वळणात खाजणारं इसब टी पेशींच्या दुसऱ्याच शाखेचं काम आहे, तिथे आयएल-४ आणि आयएल-१३ हे निरोप मुख्य. त्यामुळे एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला चालत नाही. सोरायसिस कोपराच्या बाहेरच्या, टोकाच्या बाजूला बसतो, कडा स्पष्ट असते.

हे त्वचेपुरतंच आहे का?

नाही, आणि हे घरच्यांनी जरूर लक्षात ठेवावं. सोरायसिसवाल्या शंभरातल्या तीसपर्यंत लोकांना सांध्यांचा त्रास होऊ शकतो. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तास आखडलेली असतात, अख्खं बोट सॉसेजसारखं सुजतं, टाच दुखते, नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे पडतात. आपण याला वय झालं म्हणून सोडून देतो आणि सांधा एकदा झिजला की परत येत नाही. तेच निरोप रक्तातून फिरत असल्याने हृदयविकाराचा धोकाही वाढतो, आणि पोटावरची चरबी स्वतःच टीएनएफसारखे निरोप सोडते, म्हणून वजन उतरवल्यावर चट्टे कमी होतात. पोहे-जलेबीने सोरायसिस होत नाही, पण वाढलेल्या वजनाने तो वाढतो.

शिवल्याने होतो का?

होत नाही. जंतूच नाही तर लागणार काय? एकाच टॉवेलने, एका ताटात जेवून, एका स्विमिंग पूलमध्ये पोहून, सलूनच्या खुर्चीत बसून लागत नाही. लग्न ठरवताना विचारणाऱ्यांसाठी, आई-वडिलांपैकी एकालाच असेल तर बहुतेक मुलांना होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या ठरावात या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि माझ्या आत्याने दोन वर्षं गणपतीत मोदक वळले नव्हते, कारण कुणीतरी तिच्या हातांकडे बघितलं होतं.

मुळापासून बरा होतो का?

आजच्या घडीला असं वचन कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. अंग वर्षानुवर्षं साफ ठेवता येतं मात्र, आणि हे पंचवीस वर्षांपूर्वी फार थोड्यांना शक्य होतं. सध्या संशोधक बघतायत की आजार अगदी नवा असताना, निवासी पेशींनी मुक्काम पक्का करायच्या आतच, आयएल-२३ किंवा आयएल-१७ अडवलं तर पुढे औषधाविना जास्त काळ जातो का. काही रुग्णांत तसं दिसतंयही. पण ज्यांचा आजार जुना आहे त्यांनी त्वचा साफ दिसली म्हणून इंजेक्शनची तारीख आपल्या मनाने पुढे ढकलू नये, औषध कधी आणि कसं कमी करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. कारण काही बायोलॉजिक अशी आहेत की ती मध्येच सोडून पुन्हा सुरू केली की शरीर त्या औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं, आणि मग तेच इंजेक्शन पहिल्यासारखं लागू पडत नाही.